बिनपायाचा वाघ

जंगल ठरलं होतं, तारखा ठरल्या होत्या, फक्त राहायचं कुठे ते ठरत नव्हतं. भंडाऱ्याच्या आमच्या घरात त्यावरून तीन आठवडे बोलणी चालली.

ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डावा डोळा गेलेलाच होता, उजव्यात मधोमध एक नळीएवढी नजर शिल्लक होती, आणि ती येत्या दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते. शाळेच्या भिंतींवर, मुलांच्या वह्यांवर, पोळ्याच्या बैलांच्या झुलींवर ह्यांनी शेकडो वाघ काढले. खरा वाघ मात्र एकदाही पाहिला नाही. जेव्हा सवड होती तेव्हा वाटलं, जंगल कुठे पळून जातंय.

देवडोहच्या जंगलात राहण्याच्या तीन जागा मुलीने बंगळूरूहून निवडून पाठवल्या. पहिली वनखात्याचं विश्रामगृह. तिथून वाघ बघायचा तर जीपने पहाटे चार तास हिंडावं लागतं, आणि ह्यांच्या कण्यात दोन सळया घातलेल्या. ती बाद झाली. दुसरी जागा जंगलाच्या कडेच्या पिपरटोला गावात, समोता मडावी नावाच्या बाईचं घर. दोन खोल्या, सारवलेली ओसरी. राहून गेलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं की ओसरीवर वेगळी चूल मिळते, भांडी आपली आणली तरी चालतात. तिसरी जागा मोठी होती. तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण सगळे तिला काचघरच म्हणत. प्रत्येक खोलीची एक भिंत पूर्ण काचेची, आणि तीन दिवसांत वाघ त्या काचेसमोरून जाणारच अशी हमी.

मला समोताचं घर हवं होतं. गेली सव्वीस वर्षं माझ्या हातचा ताजा भात बाळकृष्णाला दाखवल्याशिवाय मी पाणी घेतलेलं नाही. आजारपणातही खंड पडू दिला नाही; सासूबाई गेल्या त्या दिवशीही शेजारणीच्या मांडीवर बाळकृष्ण ठेवून तिच्या हातून दाखवला, पण दाखवला. भातही आमच्याकडचा चिन्नोर, बारीक आणि सुवासिक. त्याच्याशिवाय दुसरा नाही. मी एवढंच म्हटलं की तिथे चूल आहे. आमच्या घरात मी हळू बोलले म्हणजे ते ठरलं असं समजतात. पण ह्या वेळी हे म्हणाले, "मला चूल नको, वाघ पाहिजे," आणि तोंड भिंतीकडे केलं.

मग मी काचघराला फोन केला. तिथला व्यवस्थापक पाठराबे हा तिशीतला, फार आर्जवी मुलगा. त्याने आईच्या वयाच्या पाहुणीला नाही म्हणवत नाही म्हणून व्हरांड्यात विजेची शेगडी ठेवायला परवानगी दिली. नियमात नव्हतं, पण दिली.

*

माघ महिना, तरी ऊन वैशाखासारखं होतं. अलीकडे तसंच असतं. आमची खोली शेवटची. काचेपुढे व्हरांडा, व्हरांड्यापुढे कठडा, कठड्यापलीकडे चार पावलांवर कमरेएवढा एक करडा खांब, आणि मग घाणेरीची झुडपं आणि साग. तसेच खांब उजवीकडे डावीकडे दूरवर दिसत होते.

पोचलो तेव्हा एक बाई त्या खांबाचं झाकण उघडून आत डबा बसवत होती. अंगात जाड खाकी जाकीट, डोक्याला रुमाल. पाठराबेने ओळख करून दिली, ही समोता, इथल्या खांबांचं काम हीच बघते. ज्या घरी आम्ही उतरलो नव्हतो त्या घराची बाई समोर बघून मला ओशाळल्यासारखं झालं. तिला आमचं नाव माहीत होतं. माझ्या मुलीने आधी विचारणा केली होती ना. ती हसून म्हणाली, "आमच्या घरून वाघ दिसत नाई जी, काकू. आमी तो दिसू नये म्हणूनच खटपट करतो."

ती खटपट काय ते मला दुपारी कळलं.

वाघ झाडावर मागच्या बाजूने फवारा मारून खूण करतो. त्यात नुसतं मूत नसतं, एक स्निग्ध पदार्थ असतो, त्यामुळे वास आठवडाभर टिकतो. दुसरा वाघ येतो, वरचा ओठ मुडपून तो वास आत घेतो आणि त्याला सगळं वाचता येतं: कोण, नर की मादी, वय काय, अंगात जोर किती, किती दिवसांपूर्वी इथून गेला. वाचून तो वाट बदलतो. दोन दांडगे नर एकाच जंगलात वर्षानुवर्षं एकमेकांची गाठ न पडता राहतात ते ह्या पत्रव्यवहारामुळे.

शास्त्रज्ञांनी त्या वासातले बारा मुख्य घटक शोधले आणि प्रयोगशाळेत तयार केले. प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं की ज्याचा वास आहे असा, पण जो जन्मालाच आलेला नाही, असा एक वाघ तयार होतो. सात वर्षांपूर्वी पिपरटोल्याच्या शिवेवर असे एकतीस खांब उभे केले. प्रत्येकातून दर तासाला दोन थेंब. जंगलातल्या वाघांना वाटतं, ह्या बाजूला एक भला थोरला नर बसला आहे. ते गावाकडे फिरकत नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी समोताच्या सासूला मोहाच्या झाडाखालून वाघाने नेलं होतं. खांब आल्यापासून गावातलं एकही माणूस गेलं नाही. गावाने त्या वाघाला नाव दिलं, बिनपायाचा, कारण त्याचा ठसा कुठेच उमटत नाही. लोक खांबांना हळद लावतात. हळदीने तोटी बुजते म्हणून समोता त्यांच्यावर ओरडते आणि स्वतःही लावते.

काचघराने तीच विद्या उलटी वापरली. दोन्ही बाजूंना बिनपायाच्या वासाच्या भिंती घातल्या आणि मध्ये एकच गल्ली मोकळी सोडली, बरोबर काचांसमोरून. जंगलातला खरा मोठा नर, ज्याला सगळे तुटकान म्हणत, त्याला पाणवठ्यावर जायला तीच वाट उरली होती. शिवाय काचघराचे खांब हुशार होते. गावच्या खांबांत डब्यातला द्राव थोडा थोडा ओतत आणि त्यांना नुसती तोटी होती; ह्यांत डबाच बसे आणि ह्यांना नाक होतं. खऱ्या वाघाने खांबाजवळ ताजी खूण केली की नाकाला कळे आणि खांब जोरात उत्तर देई, म्हणजे भिंत ढासळत नसे.

डबे मात्र दोन्हीकडचे एकाच कोठारातून येत. महिन्याला वीस. आधी काचघराचे खांब भरायचे, उरलेले डबे समोताने गावाकडे न्यायचे, असा करार होता. सहसा बारा उरत. बाराच्या खाली गेलं की गावाची शीव पातळ होते, हे तिने मला पहिल्याच दिवशी बोटांवर मोजून सांगितलं. तिच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. तिच्यासाठी सगळं त्या डब्यांवर होतं.

*

पहिल्या दिवशी अकरा वाजता मी व्हरांड्यात शेगडी मांडली, सोवळं नेसले आणि भात चढवला. चिन्नोर झाकण न घालता शिजवायचा असतो. वाफ कठड्यावरून पलीकडे जात होती. खांबावरचा हिरवा दिवा तांबडा झाला आणि खांबाने चार-पाच वेळा फुसकारा टाकला. मला वाटलं, त्याची वेळ असेल. मी नैवेद्य दाखवला.

पाचच्या सुमारास तुटकान आला.

मी ह्यांना खुर्ची फिरवून नेमकी दिशा दिली. ह्यांच्या नळीएवढ्या नजरेत तो आधी तुकड्यातुकड्याने आला असावा, कारण हे हळूहळू म्हणत होते, खांदा, आता मान, आता कान. तो खांबाशी थांबला. ओठ मुडपून वास घेतला. नंतर जे झालं ते त्या गल्लीत कधीच होत नसे, असं पाठराबे मागाहून म्हणाला. घाणेरीत एक रानडुकरीण तिच्या पिलांसह होती. तुटकानने तिला भूक म्हणून मारलं नाही. मानेला धरलं, आपटलं, सोडलं, पुन्हा धरलं. पोट फाडून आतडी खांबाभोवती ओढली आणि तशीच टाकून दिली. पिलांना पंजाने एकेक करून चिरडलं. एक कण खाल्ला नाही. काचेतून आवाज येत नव्हता, त्यामुळे ते आणखी भयंकर वाटत होतं. शेजारच्या खोल्यांतले लोक टाळ्या वाजवत होते हे मात्र भिंतीतून ऐकू आलं.

हे रडत होते. मला म्हणाले, रंग मी चुकीचा देत आलो, तो एवढा तांबूस नसतो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काचेकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा वाजता भात, पुन्हा तांबडा दिवा. ह्या वेळी फुसकारा थांबेचना, आणि पलीकडचे खांबही एकामागून एक सुरू झाले. दुपारी तुटकान दोन वाजताच आला. त्याच्यासमोर घाणेरीतून एक तरुण नर बाहेर पडला. कुठून आला ते तेव्हा कुणाला कळलं नाही. समोताला कळलं. गावाकडच्या सहा खांबांत ओतायचे डबे तिने आदल्या संध्याकाळी इकडे लावले होते, कारण इकडचे रिकामे झाले होते आणि तसा हुकूम होता. शिवेत भोक पडलं आणि बाहेरचा पोरगेला वाघ त्यातून आत आला.

दोघे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना भिडले. एकदा त्यांचं वजन आमच्या काचेवर आलं आणि काच आतल्या बाजूला फुगल्यासारखी झाली. तुटकानचा गाल फाटून दाढा उघड्या पडल्या. काचेवर रक्ताचा हात फिरवावा तसा पट्टा उमटला. तरुण नर पळाला, पण तुटकान त्याच्यामागे गेला नाही. तो लंगडत खांबाकडे वळला आणि खांबाला चावला. दात मोडेपर्यंत चावला.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी समोता आणि पाठराबे दोघेही आमच्या व्हरांड्यात आले. दोन दिवसांत नऊ ते चौदा नंबरच्या खांबांनी अकरा डबे पिऊन टाकले होते. कोठारात दोनच उरले होते. समोताने वाकून माझ्या तांदळाच्या डब्यात नाक घातलं आणि हसली. "काकू, तुमी रोज वाघ शिजवून रायल्या का?"

पाठराबेने पुण्याच्या तंत्रज्ञाला फोनवर घेतलं. त्याने शांतपणे समजावलं. वाघाच्या ताज्या खुणेत एक रेणू असतो, तो सगळ्यात आधी उडून जातो, म्हणून खूण किती ताजी हे ओळखायला खांबाचं नाक फक्त तोच रेणू शोधतं. तोच रेणू सुवासिक तांदूळ शिजताना निघतो. जंगलात फिरणाऱ्यांना कधीकधी वाटतं ना, इथे कुणी भात शिजवलाय, तेव्हा वाघ नुकताच गेलेला असतो. वाघ फसत नाही, तो बाराच्या बारा घटक वाचतो. यंत्र एकच वाचतं. त्याला दोन दिवस वाटत होतं की कुणी दांडगा वाघ ठीक अकरा वाजता येऊन इथे खूण करतो, आणि ते चढत्या जोराने उत्तर देत होतं. तुटकानला भाताशी घेणंदेणं नव्हतं. त्याला त्या उत्तराचा वास येत होता. त्याच्या वाटेवर एक नर उभा आहे, रोज मोठा होतोय, आणि दिसत मात्र नाही.

पाठराबे हात जोडून म्हणाला की आजचा एक दिवस भात नको, दूधसाखरेचा नैवेद्य चालेल का. नाक बंद करायला माणूस उद्या येतोय.

दूधसाखर देवाला चालते. कुठल्याही व्रत करणाऱ्या बाईला हे माहीत असतं, मलाही होतं. पण माझा संकल्प भाताचा होता, आणि सव्वीस वर्षांत एकही खाडा नव्हता. त्या आकड्याचा मला अभिमान होता हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी त्याला भक्ती समजत होते. मी म्हटलं, बरं. ते दोघे समाधानाने गेले.

खोलीत चहा करायला एक कोनाडा होता, त्यावर वाफ ओढून घेणारा पंखा. व्हरांड्यात वाफ गेली नाही म्हणजे झालं, असं मी मनाशी म्हटलं. दार लावलं, पंखा सुरू केला आणि शेगडी कोनाड्यात मांडली. पंख्याचं दुसरं तोंड बाहेर कुठे उघडतं, ते मी पाहिलं नाही. ते आमच्यासमोरच्या, नऊ नंबरच्या खांबाच्या डोक्यावर उघडत होतं.

भाताला दुसरी उकळी आली होती. हे काचेपाशी खुर्चीत होते. हे आनंदाने म्हणाले, "अगं, आला."

मी वळले. ह्यांच्या नळीएवढ्या नजरेत फक्त वाघ होता. तो ज्याच्याकडे धावत होता ते ह्यांना दिसत नव्हतं. समोता उरलेले दोन डबे दोन्ही हातांत घेऊन गावाकडे निघाली होती. सात वर्षं तेच जाकीट, प्रत्येक डब्याचे सांडलेले थेंब त्यात मुरलेले. तुटकान तीन दिवस ज्याला शोधत होता, त्या शत्रूला आता कुठे अंग सापडलं होतं, हात सापडले होते, पाय सापडले होते.

त्याने तिला डाव्या खांद्यात धरलं. ती खाली पडली, तो तिला झटकत होता, कुत्रं चिंधी झटकतं तसा. तिचं तोंड उघडं होतं आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मग हाड बाहेर आलेलं दिसलं.

वाघ गल्लीत असला की काचेचं दार आपोआप बंद होई, आणि ते उघडायची कडी एका छोट्या काचेमागे होती, आग लागली तर फोडायची. मी ती कोपराने फोडली. दार उघडल्याबरोबर आवाज आत आला, तिचा आणि त्याचा, दोन्ही एकच वाटत होते. माझ्या हातात पातेलं होतं. कधी उचललं ते आठवत नाही, हात भाजत होते तेही नंतर कळलं. मी ओरडत गेले. आयुष्यात कधी एवढ्याने ओरडले नव्हते, आणि तोंडून देवाचं नाव नव्हतं. शिव्या होत्या, लहानपणी गावाच्या विहिरीवर ऐकलेल्या. उकळता भात, पेजेसकट, मी त्याच्या तोंडावर ओतला. फाटलेल्या गालात, डोळ्यात. त्याने समोताला सोडलं आणि पंजा मारला. तो पातेल्यावर बसला, पितळ कागदासारखं चेपलं, माझी दोन बोटं त्यात चिरडली. मग तो डोकं जमिनीवर घासत, आंधळ्यासारखा सागाच्या बुंध्यांवर आपटत निघून गेला.

समोताचा हात कातडीच्या पट्ट्यावर लोंबत होता. मी सोवळ्याचं लुगडं फाडून खांदा बांधला. मागे खुर्चीत हे विचारत होते, काय झालं, काय झालं, कुणीतरी सांगा.

*

जिल्ह्याच्या रुग्णालयात तिचा हात खांद्यापासून काढला. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. माझ्या बोटांना टाके घातले. तुटकान हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी नाल्यात सापडला. एक डोळा शिजलेला, दुसरा चिखलाने भरलेला, आणि पोट तरुण नराने उघडलेलं.

आता जंगलात तो तरुण नर एकटा राजा होता आणि पिपरटोल्याच्या शिवेवरचे उरलेले खांबही भरणी न झाल्याने कोरडे पडले होते. चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याने तुरीच्या शेतातून बिरजू कुमरेला नेलं. चाळिशीचा माणूस, सोबत बायको होती. गावकऱ्यांना बांधापाशी त्याचे पाय सापडले, बाकी काही नाही.

वनखात्याचे लोक बंदुका आणि पिंजरा घेऊन आले होते, पण पिंजऱ्यात वाघ यायला दिवस लागतात. काचघर बंद झालं. नवे डबे चौकशी होईपर्यंत येणार नव्हते. समोताच्या हातातून पडलेले दोन डबे, आणि काचघराच्या खांबांतले काढून घेतले तर आणखी चार, एवढंच होतं. सहा डबे थोडे थोडे ओतले तर शीव दहा-बारा दिवस धरेल, असं पाठराबे म्हणाला. पण ते जाकीट घालायला कुणी तयार नव्हतं. त्या वासाचं माणूस वाघाच्या डोळ्यांना काय दिसतं, हे आता सगळ्यांना माहीत होतं. जाकिटाशिवाय जावं तर डबा ओतताना थेंब अंगावर पडतातच.

मी चौकशीच्या साहेबांना भाताचं सगळं लिहून दिलं, पंख्यासकट. पाठराबे रडला, परवानगी त्याची होती. हे म्हणाले, अपघात होता, तू काही मुद्दाम केलं नाहीस, चल घरी. मी रुग्णालयात गेले.

समोता उशीला टेकून पडली होती. मी तिला सांगितलं की तुम्ही नको म्हटल्यावरही मी भात केला.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "डबे घेऊन येताना पंख्यातून वास आला."

मी विचारलं, मग तू लगेच आत का नाही आलीस, मला थांबवायला.

"पहिले डबे गावात न्यायचे होते. तुमच्याशी भांडाले मंग येतच होती."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने उरलेला हात वर केला.

"माफी राहू द्या, काकू. खांब कोन भरून रायलं?"

कुणीच नाही, असं सांगावं लागलं. बिरजूचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, तेही मीच सांगितलं. तो तिचा मामेभाऊ होता. तिने डोळे मिटले, आणि डोळे मिटूनच मला शिकवायला लागली. झाकण डावीकडे तीन वेळा फिरवायचं. खालच्या खाचेपर्यंत ओतायचं, त्याच्यावर नाही. हात पुसायचे नाहीत. पळायचं नाही. तो दिसला तर त्याच्याकडे पाठ करायची नाही आणि मागे सरकायचं नाही. बिनपायाचा कधी मागे सरकत नाही. तो एकदा सरकला की वास खोटा पडतो आणि मग सगळं गाव खोटं पडतं. तिने मला ते दोनदा म्हणून दाखवायला लावलं, शाळेतल्या पोरीसारखं.

*

हे मला जाऊ देईनात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात घट्ट धरला. नळीतून माझा चेहरा शोधत म्हणाले की तुझं व्रत आहे, अकरा वाजतील, देव उपाशी राहील.

मी म्हटलं, "राहू दे आज."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पहिल्या खांबापाशी पोचले. जाकिटाचा डावा खांदा उसवलेला आणि रक्ताने कडक झालेला होता. बिरजूचा म्हातारा बाप फागूजी डबे घेऊन मागे होता, बरोबर वीस पावलं मागे, कारण त्याच्या अंगाला तो वास लागू नये हे आम्ही ठरवलं होतं. तो डबा जमिनीवर ठेवी, मागे जाई, मग मी उचली. बोटांना पट्टी असल्याने झाकण फिरवताना कळ मस्तकात जाई. दहा खांब झाले. एकेक खांब म्हणजे गावातली दोनचार घरं, असं मी मोजत होते. तोंडाने नाम चालू ठेवावं म्हटलं, पण ते आलं नाही. समोताचे शब्दच येत राहिले.

अकराव्या खांबाच्या पलीकडे, तुरीच्या ओळीत, तो उभा होता.

फागूजीने मागे, वाघाला हाकलायला आणलेली थाळी वाजवायला सुरुवात केली आणि मग त्याचा हात थांबला. तरुण नराच्या छातीवर जखमा होत्या, मिशांना वाळलेलं काळं काहीतरी चिकटलं होतं. त्याने वरचा ओठ मुडपला, दात उघडे पडले. तो चिडलेला नव्हता, तो मला वाचत होता. कोण, कुठला, अंगात जोर किती. मी भात शिजवणारी बाई होते आणि वासाला ते माहीत नव्हतं.

तो आला. मी जमिनीतून त्याचे पाय ऐकले. शेवटच्या क्षणी त्याने पुढचे दोन्ही पंजे रोवले. धूळ आणि ढेकळं माझ्या तोंडावर उडाली. त्याच्या श्वासाला कुजलेल्या मांसाचा वास होता, आणि ते मांस कुणाचं, हे मला आणि मागच्या म्हाताऱ्याला माहीत होतं. तो गुरगुरला तेव्हा ते माझ्या पोटात ऐकू आलं. मी मागे सरकले नाही. धैर्य म्हणून नव्हे. मागे चार घरांपलीकडे बिरजूची बायको ओसरीवर बसलेली होती, आणि तिच्या घराला दार नव्हतं, नुसता बांबूचा ताटवा होता.

मी त्याच्याकडे बघत झाकणाला हात घातला. एक वेढा. दोन. तिसरा. खाचेपर्यंत ओतलं. थोडं माझ्या पायावर सांडलं.

तो आडवा वळला, दहा पावलं गेला, बसला, आणि माझ्यावरची नजर काढली नाही.

मी फागूजीला पुढचा डबा ठेवायला सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखा हळूच निघाला, पण त्याला ऐकू गेला. मी बाराव्या खांबाकडे निघाले तेव्हा वाघही उठला आणि तुरीच्या पलीकडून माझ्या बरोबरीने चालू लागला.

वीस खांब बाकी होते.